निदान निदान तरी करा

माझ्या टेबलाच्या खणात चार इंजेक्टर पडून आहेत. चारही चांगले. गार असताना मोजले तर प्रत्येकाचा रोध १३.६ ते १३.९ ओहमच्या दरम्यान भरतो. बारा व्होल्टची टिचकी दिली की चौघेही टक् करून उघडतात आणि बंद केल्यावर एक थेंब गाळत नाहीत. तरी एका चकचकीत सर्व्हिस सेंटरनं ते निकामी ठरवून काढले, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मालकाच्या हाती दिले आणि नव्या चारांचं बिल लावलं. त्याच खणात तीन इग्निशन कॉइल आहेत, दोन ऑक्सिजन सेन्सर आहेत आणि एक अख्खा ईसीएम आहे. एकातही दोष नाही. वैतागलेली गिऱ्हाइकं माझ्याकडेच टाकून गेलेली ही सगळी निरपराध मंडळी. फाशी आधी झाली, निर्दोष नंतर ठरली.

मी वायरमन. हडपसरला एका गाळ्यात एकोणतीस वर्षं मोटारींच्या वायरिंगचं काम करतो. सेल्फ, डायनॅमो, हॉर्न, वायपर इथून सुरुवात झाली. मग कार्ब्युरेटर गेले, इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि बॉनेटखाली इंजिन चालवणारा ईसीएमचा तो बंद डबा येऊन बसला. डबा आला आणि या धंद्यात एक रोग शिरला. पूर्वीचा मेकॅनिक चुकायचा, पण चुकण्याआधी बघायचा तरी. आताचा स्कॅनर लावतो, पडद्यावर ज्याचं नाव येईल ते बदलतो, भागलं नाही तर त्याच्या शेजारचं बदलतो आणि याला डायग्नोसिस म्हणतो. आमच्या गावाकडे बैल चारा खाईना झाला की अंगात येणाऱ्या बाईला विचारायचे आणि ती सांगेल तसा उतारा टाकायचे. त्यात आणि यात फरक एवढाच, की उताऱ्यावर जीएसटी लागत नसे.

गेल्या श्रावणात एक गृहस्थ आले. सहकारी बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेले. गाडी नऊ वर्षांची, पेट्रोल हॅचबॅक, बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शिअल सीएनजी किट. तक्रार अशी, की गाडी तापलेली असताना पेट्रोलवर घेतली आणि रस्ता खडबडीत लागला की मिस मारते, चेक लाइट लागतो. सीएनजी पंपावरची रांग बघून परत फिरायची वेळ आपल्याकडे रोजचीच, तेव्हा पेट्रोल लागतंच. कोड पी०२०३.

सर्व्हिस सेंटरच्या चार फेऱ्या झाल्या होत्या. पहिल्या फेरीत तिसऱ्या सिलिंडरचा प्लग आणि कॉइल बदलली. दुसऱ्या फेरीत तिसरा इंजेक्टर. तिसऱ्या फेरीत उरलेले तीन इंजेक्टर, कारण "सेट बदललेला बरा". चौथ्या फेरीत इंजेक्टर क्लीनिंग. महिन्यापूर्वी बसवलेल्या कोऱ्या इंजेक्टरांचं क्लीनिंग! एकूण बिल २३,४०० रुपये. दोष होता तिथेच. आता पाचव्या फेरीसाठी ईसीएमचं एस्टिमेट हातात दिलं होतं, ३८ हजारांचं.

हा माणूस बँकेत असताना पन्नास हजारांच्या कर्जाला सात-बारा, दोन जामीनदार आणि तीन वर्षांचे हिशेब मागायचा. त्याच माणसानं २३ हजारांवर, कशासाठी असा एक प्रश्नही न विचारता, चार वेळा सही केली. एसीच्या गारव्यात सोफ्यावर बसवलं आणि मशीनची कॉफी पाजली की आपल्याकडच्या भल्याभल्यांची जीभ टाळ्याला चिकटते.

मी बॉनेट उघडण्याआधी त्यांना एकच विचारलं, "साहेब, सीएनजीवर कशी चालते?"

"अहो मिस्त्री, लोण्यासारखी. मी त्यांना दर वेळी सांगितलं."

मी चारही जॉबकार्डं मागून घेतली. हे वाक्य एकाही कार्डावर नव्हतं. "पिकअप कमी, चेक लाइट ऑन" एवढंच. गिऱ्हाईक बोलत असतं तेव्हा सल्लागार टॅबवर चौकटीत टिकमार्क करत असतो, आणि त्याच्या चौकटींत "सीएनजीवर नीट, पेट्रोलवर मिस" अशी चौकटच नाही. जी चौकट नाही ती तक्रार नाही.

त्या एका वाक्यात किती होतं ते सांगतो. इंजेक्टरला वायरी दोन. एकीत चावी फिरवली की बारा व्होल्ट येतात, रिले आणि फ्यूजमधून, चारही इंजेक्टरांना मिळून एकच पुरवठा. दुसरी वायर ईसीएमकडे जाते. ईसीएम इंजेक्टरला करंट पाठवत नाही, त्याची अर्थिंगची बाजू उघडतो आणि मिटतो. इंजिन नुसतं चालू असताना ही उघडझाप एका वेळी दोन-तीन मिलिसेकंदांची. प्रत्येक इंजेक्टरसाठी ईसीएमच्या पोटात एक ट्रान्झिस्टर असतो, त्याला आम्ही ड्रायव्हर म्हणतो. आता सीएनजी किट बसवणारा काय करतो? या दुसऱ्या वायरी मध्ये तोडतो आणि आपल्या डब्यातून फिरवून आणतो. गाडी सीएनजीवर गेली की तो डबा पेट्रोलचे इंजेक्टर तोडतो, ईसीएमला खोटा भार दाखवून गप्प बसवतो, ईसीएमची तीच उघडझाप वाचतो आणि तिच्या मापानं गॅसचे इंजेक्टर चालवतो.

तर गाडी सीएनजीवर लोण्यासारखी चालते याचा अर्थ काय? प्लग आणि कॉइल दोन्ही इंधनांना एकच, म्हणजे ते दोघे सुटले. कॉम्प्रेशन तेच, ते सुटलं. ईसीएमचा तिसरा ड्रायव्हर मेला असता तर किटला तिसऱ्या सिलिंडरची उघडझाप मिळाली नसती आणि गाडी गॅसवरही तिनावरच चालली असती. म्हणजे ३८ हजारांचा आरोपीही सुटला. उरले दोघे: तिसरा पेट्रोल इंजेक्टर, आणि किटच्या डब्यापासून त्या इंजेक्टरपर्यंतची वायर. इंजेक्टर तर नवा बसला होता. म्हणजे वायर. हे सगळं गाडीला हात न लावता, खुर्चीत बसून, एका प्रश्नावर ठरतं. त्याला स्कॅनर लागत नाही, दोन कान लागतात.

बरं, सीएनजीचं जाऊ द्या. तिसरा इंजेक्टर बदलला आणि दोष तिसऱ्यावरच राहिला, हा केवढा मोठा पुरावा! इंजेक्टर निर्दोष असल्याचं गाडीनंच लेखी दिलं. त्यानंतर पहिला, दुसरा आणि चौथा हे तिघे कोणत्या कलमाखाली आत गेले? हे मी त्या सेंटरला फोन करून विचारलं. उत्तर मिळालं, "किट बाहेरचं आहे, त्याला आम्ही हात लावत नाही." हात लावायला किट बाहेरचं, आणि भाग विकायला गाडी घरची. वा!

कोडचीही गंमत बघा. पी०२०१ पासून पी०२०४ पर्यंतचे कोड चार सिलिंडरांचे. त्यांच्या नावात इंजेक्टर हा शब्द आहेच, पण त्याला चिकटून सर्किट हा शब्दही आहे. कोड म्हणतो की तिसऱ्या इंजेक्टरच्या सर्किटमध्ये गडबड. सर्किट म्हणजे फ्यूज, रिले, पुरवठ्याची वायर, कपलर, इंजेक्टरचं वेटोळं, परतीची वायर, मधले जोड, ईसीएमचा पाय आणि ईसीएमची स्वतःची अर्थिंग. एवढ्या मोठ्या बारदानातला एकच मेंबर विकत मिळतो म्हणून दोष त्याच्यावर. "आळीत चोरी झाली" अशी वर्दी मिळाल्यावर आळीतला पहिला माणूस धरून नेणारा हवालदार आणि हे स्कॅनरवाले, भाऊ-भाऊ. स्कॅनर गल्लीचं नाव सांगतो. घर आपणच शोधायचं असतं.

आता सेंटरवाल्यांनी अजिबात मोजलं नव्हतं असंही नाही. एका जॉबकार्डावर पेननं लिहिलं होतं: "इंजेक्टर सप्लाय १२.४ व्ही ओके". या एका ओळीवर मी ग्रंथ लिहू शकेन. कपलर काढला, मीटरची तार टोचली, १२.४ दिसले, तपास संपला. पहिली गोष्ट, हा पुरवठ्याचा पाय. तो चारही इंजेक्टरांना एकच असताना आणि तीन नीट चालत असताना त्यालाच आधी काय विचारायचं? दुसऱ्या पायाकडे कोणी फिरकलंच नाही. दुसरी गोष्ट याहून वाईट. कपलर काढून मीटरनं बघितलेले बारा व्होल्ट हे पोळ्याच्या दिवसाचे बैल आहेत. शिंगांना बेगड, अंगावर झूल, देखणं प्रकरण. ओढतो किती ते औत जोडल्यावर कळतं.

चांगल्या डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण एक कोटी ओहम. बारा व्होल्टवर तो घेतो अँपिअरचा जेमतेम दहा लाखावा भाग. एवढ्याशा करंटला वाटेत गंजका जोड आडवा आला काय, न आला काय, सारखंच. मधे हजार ओहमचा अडथळा असला तरी मीटर १२.४ च दाखवील. इंजेक्टरला मात्र एक अँपिअरच्या आसपास लागतो. हजार ओहम सोडा, पाच-सहा ओहमचा जोड त्याची कंबर मोडतो. बझरची तीच कथा. वायरीच्या दोन टोकांना तारा लावल्या, पीं वाजलं, वायर ओके! कित्येक मीटरांचा बझर २०-३० ओहम असले तरी वाजतो. रुग्णाला ऐकू येतं म्हणून त्याचं हृदय ठणठणीत, असं सांगण्याचा हा प्रकार. आणि तपासणीच्या त्या नॉइड लाइट नावाच्या दिव्यावर फार विसंबू नका. कपलरमध्ये खोचला की लुकलुकतो, गिऱ्हाईक खूश होतं. पण त्यातला एलईडी इतका मिताहारी, की कुजक्या जोडातूनही त्याचं पोट भरतं. तो लुकलुकला नाही तर काहीतरी कळतं. लुकलुकला तर फारसं कळत नाही.

माझं हत्यार म्हणजे दुचाकीच्या इंडिकेटरचा १० वॉटचा बल्ब. तो पाऊण अँपिअरच्या वर घेतो, म्हणजे जवळजवळ इंजेक्टरएवढा भार. किटचा कपलर काढला, इंजेक्टरचा कपलर काढला, तिसरी वायर दोन्हीकडून मोकळी केली. एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला बल्ब, बल्बाचं दुसरं टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर. दुसऱ्या सिलिंडरच्या वायरीवर बल्ब लख्ख. तिसऱ्या वायरीवर आजारी, पिवळट. वायरीच्या दोन टोकांत व्होल्ट मोजले: दुसरीत ०.०५, तिसरीत ४.१. बारांतले चार व्होल्ट वाटेतच कोणीतरी गिळत होतं. हार्नेस हातानं हलवला, बल्ब विझला. पुन्हा हलवला, लागला. रस्त्यावरचे खड्डे आता माझ्या हातात आले होते.

नववीच्या विज्ञानात 'धाराविद्युत' नावाचा धडा आहे. त्यातला ओहमचा नियम जॉर्ज ओहमनं १८२७ साली छापला. आयटीआयतून आलेली पोरं मला विभवांतर, धारा, रोध ही सगळी सूत्रं घडाघडा म्हणून दाखवतात. पण बल्ब मंद झाला की त्यांना वाटतं बल्ब खराब आहे. एकानं खरंच बदलून पाहिला. त्याला मी हाकललं नाही. त्याला पार्ट बदलायला शिकवलं कोणी, तेही बघायला हवं.

टेप सोडत गेलो. सीएनजीच्या डब्याखाली, इंजिनच्या धगीत, काळ्या टेपचं एक गाठोडं. त्यात वायरीची दोन टोकं एकमेकांभोवती पिळून ठेवलेली, टाका नाही, स्लीव्ह नाही. पितळी भांड्याला कल्हई नसेल तर ताक कळकतं हे आमच्या आजीला ठाऊक होतं. इथे तांबंच कळकलं होतं. हिरवट-पांढरी भुकटी, पिळा बोटानं ओढला तर हातात आला. बाकीच्या तीन वायरींचे जोडही त्याच जातीचे, फक्त त्यांची पाळी अजून आली नव्हती. उंदीर वायर कुरतडतो तेव्हा निदान दातांच्या खुणा ठेवतो. माणूस त्याच्यावर टेप गुंडाळतो.

किट बसवणाऱ्यांना मी सोडणार नाही. वायर न तोडता मधे घालायचे तयार कपलर बाजारात मिळतात. थोडे महाग पडतात, एवढाच त्यांचा गुन्हा. म्हणून पक्कड घेऊन कारखान्यातून आलेला हार्नेस कापायचा, आठ टोकं पिळायची, टेप गुंडाळायची, मालकाला पेढा मागायचा. टेपचा गोंद दोन उन्हाळ्यांत वितळतो, पावसाळ्यात पाणी आत जातं. त्यात कोणीतरी गाडी धुताना बॉनेट उघडून प्रेशरचा फवारा मारतो, इंजिन आरशासारखं दिसावं म्हणून. इंजिन काय देवघरात ठेवायचंय?

आणि आमचे वायरमन बंधू. यांच्या खिशात कायम टाचणी. जिथे करंट बघायचा तिथे वायरीच्या अंगात टाचणी खुपसायची, काम झालं की काढायची, भोक तसंच. त्या भोकातून पाणी शिरतं, वायर आतून हिरवी होत जाते, वर्षा-दोन वर्षांनी दुसऱ्याच कोणाच्या गळ्यात ती गाडी पडते. कपलरच्या मागच्या बाजूनं बारीक तार सरकवून मोजता येतं, पण त्याला दोन मिनिटं जास्त लागतात. दुसरं शौर्य म्हणजे इंजेक्टर जोडलेला असताना, चावी चालू ठेवून, परतीच्या वायरीला बॉडीची अर्थिंग लावून बघणे. टक् आवाज येतो खरा. पण तो आवाज इंजेक्टर उघडल्याचा, आणि रेलमध्ये प्रेशर असेल तर हात काढेपर्यंत सिलिंडरमध्ये पेट्रोल पडत राहतं. मग सेल्फ मारला की इंजिन अडतं. इंजेक्टर तपासायला आलेली गाडी कनेक्टिंग रॉड वाकवून परत जाते.

मी स्वतः धुतल्या तांदळासारखा नाही. २००३ साली मी एक ईसीएम जाळला आहे. कार्ब्युरेटरच्या जमान्यात हातात बसलेला टेस्ट लॅम्प, २१ वॉटचा तंतूचा बल्ब, एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावून दुसरं ईसीएमच्या इंजेक्टरच्या पायाला लावलं. सेल्फ मारला, बल्ब दोनदा उजळला, मग कायमचा गप्प झाला. गार तंतूचा रोध तापलेल्या तंतूच्या दहाव्या हिश्श्याइतका असतो, म्हणजे पहिल्या क्षणी करंट दहापट. एक अँपिअर झेलायला बसवलेल्या ड्रायव्हरच्या डोक्यावर मी पोतं टाकलं होतं. मालकाला खरं सांगितलं आणि जुन्या बाजारातून ईसीएम आणून पदरचे साडेसात हजार भरले. तेव्हा माझं महिन्याचं उत्पन्नही तेवढं नव्हतं. बल्ब कुठे लावायचा हे मी त्या महिन्यात शिकलो: मोकळ्या वायरीला लावायचा, ईसीएमच्या पायाला कधीच नाही. तिथे एलईडीचा दिवा, नाहीतर स्कोप.

आकडे पाठ करणाऱ्यांची आणखी एक जात आहे. त्यांच्याकडे तक्ता असतो: इंजेक्टरचा रोध १२ ते १६ ओहम, बाहेर गेला की बाद. तो आकडा २० अंशांचा असतो हे तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, अंशामागे ०.४ टक्क्याच्या आसपास. गार असताना १३.८ भरणारा इंजेक्टर ९० अंशांवर साडेसतराच्या घरात जातो. गाडी हायवेवरून आली, गरमागरम इंजेक्टर मोजला, तक्त्याबाहेर गेला, बदला! माझ्या खणातल्या चौघांपैकी निदान एक तरी या न्यायानं गेला असणार, कारण त्याच्या जॉबकार्डावर '१७.४ नॉट ओके' असं लिहिलंय. आज सकाळी तो १३.७ भरला. उलटही होतं. वेटोळ्याची शॉर्ट कधी कधी तापल्यावरच उघडी पडते, गार इंजेक्टर मोजून "ओके" म्हणणारा तिथे फसतो. म्हणून गार किती, गरम किती, शेजारच्या तिघांचं किती, हे तीनही विचारायचं. एकटा आकडा कोणाचीच साक्ष देत नाही.

ज्याला खरंच बघायचं आहे त्यानं स्कोप घ्यावा. ऑसिलोस्कोप म्हटलं की लोक प्रयोगशाळा समजून घाबरतात. आता तो बऱ्या मोबाइलच्या किमतीत मिळतो. परतीच्या वायरीवर लावला की इंजेक्टरची कुंडलीच समोर येते. आधी बॅटरीएवढे व्होल्ट, मग ड्रायव्हर चालू झाला की शून्याजवळ बुडी, बंद झाला की साठ-सत्तर व्होल्टची उसळी. वेटोळ्यातली चुंबकशक्ती कोसळताना मारते ती लाथ. आणि उतरताना एक छोटासा उंचवटा, आतली सुई परत जागेवर बसल्याचा. लाथ बुटकी आली तर वेटोळं किंवा जोड बघा. बुडी शून्याजवळ पोचली नाही तर अर्थिंगची बाजू बघा. उंचवटा नसेल तर सुई अडकली आहे का बघा. बॉशनं डी-जेट्रॉनिक १९६७ साली फोक्सवॅगनमध्ये बसवलं तेव्हापासून इंजेक्टर हे विजेनं उघडणारं भोक आहे आणि आजही तेच आहे. त्यात गूढ काही नाही. गूढ ठेवण्यात ज्यांची कमाई आहे ते ते ठेवतात. (हे सगळं साध्या पेट्रोल गाडीचं. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणारी गाडी आणि कॉमन रेल डिझेल, तिथे चालू इंजिनच्या इंजेक्टरच्या वायरीला हात लावू नका. झटका बसतो, आणि तो आठवणीत राहतो.)

गूढाचं बोललो म्हणून सांगतो. वायरिंग डायग्राम नावाचा एक कागद असतो. कोणत्या रंगाची वायर कुठून निघते, कोणत्या कपलरच्या कितव्या पायात जाते, मधे जोड कुठे आहे. हा कागद असेल तर माझं दोन तासांचं काम वीस मिनिटांत होतं. तो कंपन्या अधिकृत सेंटरपुरता कुलपात ठेवत आल्या. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींवर दंड ठोकला, कारण त्या सुटे भाग, तपासणीची साधनं आणि माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नव्हत्या. मग अपिलं, तारखा, नेहमीचं. २०२२ च्या डिसेंबरात केंद्रानं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टलही काढलं. माझ्या गाळ्यात मात्र अजूनही कोणा मित्राच्या मित्रानं मोबाइलवर पाठवलेला, कडा कापलेला, तिसऱ्या पिढीचा फोटोच डायग्राम म्हणून चालतो. आणि ज्यांच्याकडे अख्खा कागद आहे, त्या सेंटरमध्ये तो उघडून बघायला कोणाला वेळ नाही. कुलूप त्यांचं, किल्ली त्यांची, आणि पेटी उघडायचा कंटाळाही त्यांचाच.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि बहुतेक स्कूटर-मोटारसायकलींचे कार्ब्युरेटरही गेले. म्हणजे हा इंजेक्टर आता तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडमागच्या टपरीत पोचला आहे. तिथला पोरगा कानानं कार्ब्युरेटर लावायचा, उत्तम लावायचा. त्याला डायग्राम कोण देणार, बल्बाची गोष्ट कोण सांगणार? कोणी नाही. त्याला विकतचा स्कॅनर मिळेल आणि तोही पार्ट बदलू लागेल. दूधवाल्याच्या, शेतमजुराच्या खिशातून.

उरलं गिऱ्हाईक. म्हणजे तुम्ही. राग मानू नका, या रोगाचे अन्नदाते तुम्हीच. डॉक्टरनं नाडी धरली, जीभ पाहिली आणि "काही नाही, विश्रांती घ्या" म्हटलं तर तुम्ही त्याला पाचशे रुपये देऊन वर आभार मानता. मी दीड तास खाली वाकून दोष शोधला आणि "बघायचे चारशे" म्हटलं, की तुमच्या भुवया डोक्यावर. "नुसतं बघायचे?" तुम्हाला काहीतरी काढलेलं दिसलं पाहिजे, काहीतरी घातलेलं दिसलं पाहिजे, जुना पार्ट पिशवीत घालून घरी नेला पाहिजे. डोकं लावल्याचं बिल तुम्हाला मान्य नाही, खोक्याचं मान्य आहे. मग ज्याला पोट आहे तो खोकंच विकणार. सेंटरमधला तो टाय लावलेला पोरगा मूर्ख नाही. मोजून दोष शोधला तर त्याच्या खात्यावर तासाभराची मजुरी पडते. चार इंजेक्टर बदलले तर महिन्याचं टार्गेट पुढे सरकतं. तुम्ही त्याच्या जागी काय केलं असतं?

तर त्या बँकवाल्या साहेबांची गाडी. चारही जोड कापले, तांबं स्वच्छ होईपर्यंत मागे गेलो, टाके मारले, गोंदवाल्या स्लीव्ह चढवून गरम केल्या, वायरी धगीपासून लांब बांधल्या. तिसऱ्या वायरीतले ४.१ व्होल्ट ०.०४ वर आले. हार्नेस हलवून, गाडी तापवून, सासवड रस्त्याच्या खड्ड्यांतून पेट्रोलवर फिरवून आणली. कोड आला नाही, आजवर आलेला नाही. साहेबांनी ३८ हजारांचं एस्टिमेट माझ्यासमोर घडी करून खिशात ठेवलं आणि बिल विचारलं.

मी म्हणालो, "साडेसहाशे."

"साडेसहाशे कशाचे? पार्ट तर काहीच घातला नाही. वायर जुनीच आहे." ते क्षणभर थांबले. "पाचशे घ्या, मिस्त्री."

मी पाचशे घेतले.